पोर्ट्रेट रिटचिंग: काम लवकर संपावं आणि चेहराही तोच राहावा म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायण पेठेत माझी एडिटिंगची एक खोली आहे. पुण्यातल्या आणि आसपासच्या लग्नाच्या फोटोग्राफरांचं रिटचिंग मी करतो. शनिवार-रविवारी चार-दोन मुलं शिकायलाही येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न फिरून फिरून येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. उदाहरणं बहुतेक लग्नांची आहेत, कारण पोट त्यावर चालतं. पण मॉडेलचा पोर्टफोलिओ असो की ऑफिसच्या वेबसाइटवरचे फोटो, कामाची रीत तीच राहते.

१. एडिटिंग आणि रिटचिंग एकच ना? मग पैसे वेगळे कशाचे?

एकच नाही. एडिटिंग म्हणजे अख्ख्या फोटोचा उजेड, रंग, क्रॉप. ते एका फोटोवर करून पन्नास फोटोंवर उतरवता येतं. रिटचिंग म्हणजे त्या एका चेहऱ्यावर बसून केलेलं हातकाम: पुळी, विस्कटलेला केस, चष्म्यातली चमक. ते दुसऱ्या फोटोवर उतरत नाही. आठशे फोटोंचं एडिटिंग होतं, रिटचिंग त्यातल्या चाळीसेकांचंच. ग्राहकाला हे आधी सांगा. नाहीतर तो आठशेच्या आठशे फोटोंतल्या पुळ्या मोजून पाठवतो.

२. नेमका क्रम काय ठेवायचा? मी कधी इथून, कधी तिथून सुरू करतो.

कार्डावरून दोन ठिकाणी कॉपी. मग सिलेक्शन. मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची सुधारणा) आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड), तेही गटागटाने. मग क्रॉप. इथपर्यंत फोटोशॉप उघडायचंही नाही. त्यानंतर निवडक फोटोंवर हीलिंग (डाग पुसणं), मग डॉज अँड बर्न (जागोजागी उजळ-गडद करणं), मग बारीक रंगकाम, आणि सगळ्यात शेवटी शार्पनिंग (कडा ठळक करणं) व एक्स्पोर्ट.

क्रमाला कारण आहे. प्रत्येक पायरीवर फोटो कमी होत जातात आणि हातकाम वाढत जातं. हीलिंग आधी करून नंतर एक्स्पोजर उचललं, तर सावलीत दडलेले डाग वर येतात आणि तोच गाल पुन्हा पुसावा लागतो. शार्पनिंग आधी केलं, तर हीलिंगच्या प्रत्येक ठिगळाची कड दिसते. वेळ ब्रशच्या वेगाने वाचत नाही. ब्रश हातात घेण्याआधी जे उरकलेलं असतं त्यानेच तो वाचतो. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

३. सिलेक्शनलाच अख्खी रात्र जाते. काही उपाय?

पहिल्या फेरीत झूम करायचं नाही. डोळे मिटलेले, फोकस गेलेला, पुढून काका आडवे गेलेले, एवढेच फोटो बाद करा. लाइटरूम क्लासिक या फोटो निवडायच्या-सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या फोटोला पी आणि टाकायच्या फोटोला एक्स दाबा. कॅप्स लॉक चालू ठेवला की बटण दाबल्यावर पुढचा फोटो आपोआप येतो. फोटो आत घेताना कॅमेऱ्याने बनवलेलाच प्रीव्ह्यू वापरायचा पर्याय निवडा, म्हणजे दर फोटोला चकती फिरत बसत नाही.

दुसरी फेरी मात्र झूम करून. एकाच क्षणाचे सहा फोटो असतील तर शंभर टक्क्यांवर डोळ्यांचा फोकस बघा आणि एकच ठेवा. ‘दोन्ही छान आहेत’ म्हणून दोन ठेवणं हीच खरी चोर-गळती. पुढे दोन्ही रिटच करायला लागतात आणि ग्राहक अल्बममध्ये एकच घेतो.

४. रॉ काढायलाच हवं का? जेपेग किती सुटसुटीत असतं!

रिटचिंग करणार असाल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. जेपेग ८ बिटची, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. गालावरून कानाकडे जाणारी हळुवार सावली उचलायला गेलात की जेपेगमध्ये तिचे पट्टे पडतात. शिवाय जेपेगमध्ये व्हाइट बॅलन्स शिजून गेलेला असतो. हळदीच्या फोटोंत त्याचा किती त्रास होतो ते पुढच्याच उत्तरात.

५. हळदीच्या फोटोंत सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. काय करू?

हा प्रश्न नोव्हेंबरपासून मे संपेपर्यंत दर आठवड्याला येतो.

आधी पिवळं कुठून येतंय ते ओळखा. एक, अंगाला लावलेली हळद. ती खरी आहे, तिला हात लावायचा नाही. हळद पुसलेला हळदीचा फोटो घेऊन करायचं काय? दोन, वरचा पिवळा कापडी मांडव. उन्हं त्यातून गाळून येतात आणि सगळ्यांवर सारखा रंग चढतो. तीन, आजूबाजूच्यांचे पिवळे कपडे. त्यांचं प्रतिबिंब हनुवटीच्या खाली आणि गालाच्या एकाच बाजूला पडतं.

मांडवाचा रंग व्हाइट बॅलन्सने जातो, कारण तो सगळीकडे सारखा असतो. त्यासाठी फोटोग्राफरने सुरुवातीला ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरून एक फोटो काढला तर माझा अर्धा तास वाचतो. कार्ड नसेल तर कुणाचा पांढरा सदरा शोधायचा. पण नीळ घातलेला सदरा फसवतो. कपड्यांचं प्रतिबिंब मात्र व्हाइट बॅलन्सने जात नाही. एक बाजू सुधारली की दुसरी निळी पडते. तिथे मास्क करून, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून, पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडं खाली आणायचं. दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग वेगळ्या मास्कमध्ये घ्या. चेहऱ्यावर पिवळं चालतं, दातांवर चालत नाही.

गुलाबी-जांभळ्या एलईडीचा प्रकाश पडलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्या प्रकाशात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, मग काढून आणणार कुठून? असे फोटो कृष्णधवल करून देतो. तक्रार क्वचितच येते.

६. चेहऱ्यावरचं काय काढायचं आणि काय ठेवायचं?

आमच्या धंद्यातला जुना नियम: पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते काढा, कायमचं असेल ते ठेवा. पुळी, डास चावल्याचा फोड, दाढी करताना लागलेलं, आदल्या रात्रीच्या जागरणाची डोळ्यांखालची सूज, हे सगळं काढा. तीळ, लहानपणची खोक, खळी, जन्मखूण ठेवा. काढायची असेल तर ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा. आईला नाही, मावशीला नाही, फोटोग्राफरलाही नाही.

हा नियम मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका लग्नातला आजीचा फोटो माझ्याकडे आला. हनुवटीवर हिरवट ठिपके दिसले. बाकीच्या डागांबरोबर हीलिंग ब्रशने तेही पुसले. चेहरा कसा स्वच्छ झाला म्हणून खूशही झालो. अल्बम गेला आणि नातीचा फोन आला: “आमच्या आजीचं गोंदण कुठंय?” प्रिंट झालेलं पान पदरचे पैसे घालून बदललं. तेव्हापासून साठीच्या पुढच्या चेहऱ्यावर ब्रश टेकवण्याआधी मी फोटो एकदा पूर्ण झूम करून बघतो. गोंदण, देवीचे व्रण, चष्म्याने नाकावर पडलेला वळ, नाक टोचल्याची खूण. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. म्हणजे ते व्रण असलेले चेहरे आता थोडेच उरले आहेत आणि पुढच्या पिढीत कुणाच्याच चेहऱ्यावर नसतील. ते माझ्या ब्रशने जाऊ नयेत.

आपोआप डाग काढणाऱ्या बटणांना यातला फरक कळत नाही. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

७. हीलिंग केल्यावर चेहऱ्यावर ठिगळं दिसतात. कुठं चुकतंय?

बहुतेक वेळा ब्रश मोठा असतो. डागापेक्षा किंचित मोठा, एवढाच ठेवा. काम रिकाम्या नव्या लेअरवर (फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर) करा आणि सॅम्पल ‘चालू आणि खालचे लेअर’ असं निवडा. मूळ लेअर शाबूत राहिला की चुकलेलं ठिगळ तेवढं खोडता येतं. नमुना त्याच गालाचा घ्या. कपाळाची रंध्रं आणि गालाची रंध्रं सारखी नसतात. काम शंभर टक्क्यांवर, पण दर दोन मिनिटांनी फोटो स्क्रीनभर करून बघा. दोनशे टक्क्यांवर प्रत्येक माणसाची कातडी चंद्रासारखीच दिसते.

८. फ्रिक्वेन्सी सेपरेशन करू की डॉज अँड बर्न?

फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणजे फोटोचे दोन थर करायचे: खालच्यात रंग आणि सावल्या, वरच्यात नुसता पोत. फोटोच्या दोन प्रती काढा. खालच्या प्रतीला गॉशियन ब्लर द्या, म्हणजे ती धूसर करा, रंध्रं जेमतेम दिसेनाशी होतील एवढाच. वरच्या प्रतीवर अप्लाय इमेज उघडून खालचा थर निवडा. फाइल १६ बिट असेल तर अ‍ॅड, इन्व्हर्ट चालू, स्केल २, ऑफसेट ०. ८ बिट असेल तर सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. शेवटी वरचा थर लिनिअर लाइट. सगळं बरोबर झालं असेल तर फोटो अगदी मूळ फोटोसारखा दिसतो. थोडा जरी वेगळा दिसला तर आकडे तपासा.

आता माझं मत. शिकाऊ मुलं हे जमलं की खालचा थर लॅसोने धरून ब्लर करत सुटतात आणि चेहऱ्याची पेढ्यासारखी गुळगुळीत वडी होते. पोत शाबूत असतो, पण गालाचं हाड, नाकाची कड, हनुवटीची सावली सगळं वितळलेलं असतं. मी ही रीत साडीवरचा मेकअपचा डाग किंवा कपाळावरचा तेलकट रंग यापुरतीच वापरतो.

चेहऱ्याला डॉज अँड बर्न. दोन कर्व्ह्‌ज (उजेड कमी-जास्त करणारे) लेअर घ्या, एक थोडा उजळ, एक थोडा गडद. दोन्हीचे मास्क काळे करा. मग पांढऱ्या ब्रशने, फ्लो (ब्रशचा जोर) दोन-तीन टक्के ठेवून, डाग उजळवा किंवा चमक दाबा. वर तात्पुरता कृष्णधवल लेअर ठेवला की रंगाने डोळा फसत नाही, नुसते उजेडाचे खड्डे दिसतात. काम संपलं की तो काढायला विसरू नका. मी एकदा तसाच एक्स्पोर्ट केला होता आणि ग्राहकाने ‘आर्टिस्टिक’ म्हणून कौतुक केलं.

हे काम हळू चालतं हे खरं. म्हणूनच ते कुठल्या फोटोंवर करायचं ते आधी ठरवायचं.

९. एका फोटोला किती वेळ द्यावा?

मी तीन ढीग करतो. अल्बममध्ये तळहाताएवढे छापले जाणार ते पहिल्या ढिगात. त्यांना लाइटरूममध्येच मिनिटभर, फक्त ठळक पुळ्या. अर्ध्या पानाचे दुसऱ्या ढिगात, पाच-सात मिनिटं. अख्ख्या पानाचा किंवा भिंतीवर लागणारा तिसऱ्या ढिगात, त्याला अर्धा-पाऊण तास. ढीग अल्बमची पानं लागल्यावर करायचे, आधी नाही. घोळक्यातल्या फोटोत मागच्या रांगेतल्या माणसाची पुळी काढणारी मुलं मी पाहिली आहेत. छापल्यावर तो चेहरा मुगाच्या दाण्याएवढा येतो.

१०. वधूची आई म्हणते, “जरा उजळ करा ना.” नाही कसं म्हणायचं?

आधी नीट ऐका. पुष्कळदा तक्रार खरी असते, फक्त शब्द चुकीचा असतो. कार्यालयाच्या मोठ्या खिडकीसमोर उभं करून काढलेल्या फोटोत चेहरा खरोखरच काळवंडलेला असतो. नवऱ्यावर फ्लॅश पडलेला असतो आणि नवरी त्याच्या सावलीत असते. ही प्रकाशाची चूक आहे आणि ती सुधारायलाच हवी. चेहऱ्याचा मास्क करून एक्स्पोजर उचला, गळा आणि हात त्यात धरून. दहातल्या सात वेळा आईचं समाधान इथेच होतं.

उरलेल्या तीन वेळा खरंच गोरं करून हवं असतं. ते मी करत नाही. तत्त्व आहेच, पण ते बाजूला ठेवलं तरी काम वाईटच होतं. केशरी रंगाची ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवली की कातडीबरोबर सोनं, मेंदी, लाकडी पाट सगळंच फिकं पडतं. नुसता चेहरा उजळवला तर हिरव्या चुड्यातले हात दुसऱ्याच बाईचे वाटतात. सावळ्या कातडीचं सौंदर्य तिच्या चमकेत असतं. कपाळावर, गालाच्या हाडावर जो छोटा लखलखीत भाग असतो तो राखा आणि सावल्या खोल राहू द्या. सावल्या उचलल्या की कातडी राखाडी दिसते आणि मग सगळे म्हणतात, “फोटोत काळी आली.”

एकदा आईने तीनदा बजावलं होतं. मी गप्प राहून फक्त प्रकाश सुधारला. रात्री अकराला नवरीचाच मेसेज आला: “माझा रंग माझाच ठेवा, आईला मी सांगते.” तेव्हापासून कामाच्या सुरुवातीलाच एक फोटो पूर्ण करून वधू-वरांच्या नंबरवर पाठवतो. त्यांनी होकार दिला की बाकीच्यांना तोच नमुना दाखवायचा.

११. आता एआयची बटणं आली आहेत. हे सगळं हाताने कशाला?

बटणं मीही वापरतो. लाइटरूममध्ये २०२२ पासून माणूस ओळखून चेहऱ्याची कातडी, ओठ, दात, बुबुळं, केस यांचे वेगवेगळे मास्क बनतात. जो मास्क रंगवायला पाच मिनिटं लागायची तो पाच सेकंदांत तयार होतो. माझ्या मते तिथे एआयचं खरं काम संपतं. कुठे काम करायचं ते त्याने दाखवावं, काय करायचं ते आपण ठरवावं.

फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल २०२३ मध्ये आलं. मागची वायर, कचऱ्याचा डबा, कमी पडलेली भिंत यासाठी ते झकास. चेहऱ्यावर नको. मिटलेले डोळे उघडायला सांगितले तर ते कुणाचेतरी डोळे लावतं. त्यापेक्षा त्याच घोळक्याच्या पुढच्या-मागच्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवा, ते निदान त्याच माणसाचे असतात. म्हणून ग्रुप फोटोचे पाच-सहा शॉट सिलेक्शनमध्ये मारून टाकू नका. प्रश्न ३ मधल्या नियमाला हा एवढाच अपवाद.

१२. प्रीसेट आणि अ‍ॅक्शनने किती वेळ वाचतो?

विकतच्या प्रीसेटने (तयार सेटिंगने) फारसा नाही, कारण तो दुसऱ्याच्या प्रकाशासाठी बनलेला असतो. स्वतःच्या अ‍ॅक्शनने (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्यांच्या मालिकेने) खूप वाचतो. माझी एक अ‍ॅक्शन एका बटणावर हीलिंगचा रिकामा लेअर, डॉज-बर्नचे दोन कर्व्ह्‌ज आणि तपासणीचा कृष्णधवल लेअर अशी सगळी मांडणी करून देते. भांडी-कुंडी मांडून ठेवलेल्या स्वयंपाकघरासारखं. एआय मास्क असलेलं सेटिंग दुसऱ्या फोटोंवर उतरवलं तर प्रत्येक फोटोत मास्क नव्याने मोजला जातो. एकदा नजर फिरवा, कधीकधी तो शेजारच्या करवलीला नवरी समजतो.

१३. चष्मा, नथ, मुंडावळ्या यांचं काय?

चष्म्यातली चमक काढणं हे रिटचिंगमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम. फोटोग्राफरनेच त्याच जागी चष्मा काढून एक जादा फोटो घेतला तर डोळे तिथून आणता येतात. नाहीतर दांड्या कानावर किंचित उचलल्या की काच खाली झुकते आणि चमक निघून जाते.

नथीची सावली ओठावर पडते, ती राहू द्या. सावली काढली की नथ चिकटवल्यासारखी दिसते. मुंडावळीची लड डोळ्यावरून जात असेल तर ती काढण्यापेक्षा ती बाजूला असलेला दुसरा फोटो शोधा. मोत्यांमधून दिसणारी कातडी रंगवायला अर्धा तास जातो आणि लड फक्त एकाच बाजूला उरते.

१४. “पोट कमी करा” म्हणाले तर?

लेन्सने केलेला अन्याय दूर करतो. वाइड लेन्सने काढलेल्या ग्रुप फोटोत कडेची माणसं आडवी ताणली जातात, त्यांना मूळ मापात आणणं ही दुरुस्तीच आहे. बसल्यावर कुर्त्याला पडलेला फुगाही दाबतो. त्यापलीकडे माणूस बारीक करत नाही. लिक्विफायने (आकार ओढून बदलणाऱ्या साधनाने) कंबर आत घेतली की मागची खांबाची रेघ आणि साडीचा काठ वाकतो, आणि तो आधी दिसतो. जाहिरातीचं काम करणाऱ्यांसाठी: नॉर्वेत २०२२ पासून शरीराचा आकार, माप किंवा कातडी बदललेल्या जाहिरातींवर तसं लिहिणं बंधनकारक आहे. परदेशी ग्राहक असेल तर आधी विचारून घ्या.

१५. स्क्रीनवर छान दिसतं, अल्बममध्ये काळपट येतं. लॅबची चूक का?

क्वचितच. बहुतेकांची स्क्रीन फार उजळ असते. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) घ्या किंवा मित्राचा आणा. पांढरा डी ६५, गॅमा २.२, उजेड १०० ते १२० कँडेला. खोलीत पश्चिमेचं ऊन येत असेल तर पडदा लावा. लॅबला त्यांच्या मशिनचं प्रोफाइल (रंगांची नोंद असलेली फाइल) मागा, तोवर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंग-प्रकारातच द्या. बारा बाय छत्तीस इंचांच्या पानाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल लागतात. नव्या लॅबकडे आधी एकच पान छापून बघा. कातडीचा रंग त्यावर पटला की पुढचं सगळं काम डोळे झाकून.

१६. पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोला किती रिटचिंग चालतं?

चेहऱ्याला काहीच नाही. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात, म्हणून प्रश्न मुख्यतः व्हिसाचा. अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंच चौरस, पांढरी पार्श्वभूमी, आणि नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा नाही. पुळी असेल तर पुळीसकट जाऊ द्या.

१७. काम करताना लाइट गेली आणि फाइल उडाली. पुढे कसं टाळू?

यूपीएस घ्या, निदान फाइल सेव्ह करण्याएवढा वेळ तरी मिळतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, त्या दिवशी मोठं काम काढू नका, असं मी मुलांना सांगतो आणि स्वतःच काढून बसतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आणखी एक: फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीच्या वर सेव्ह होत नाही. लेअर वाढले की मोठ्या फाइलींसाठीचा पीएसबी हा प्रकार निवडा.

१८. ग्राहक बदल सांगतच राहतो. थांबवायचं कसं?

दोन फेऱ्या, हे कामाआधीच लिहून द्या. प्रत्येक फोटोला नंबर द्या आणि बदल नंबरानेच मागा, नाहीतर ‘तो हसतानाचा’ शोधत बसाल. व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि मग ‘कातडी फाटल्यासारखी दिसते’ असा निरोप येतो.

१९. बाबा गेल्या वर्षी गेले. लग्नाच्या फॅमिली फोटोत त्यांना उभं करून द्याल का?

हा प्रश्न दर मोसमात दोन-तीनदा येतो आणि याला ठरावीक उत्तर नाही.

तांत्रिक भाग आधी. जुन्या फोटोतला प्रकाश ज्या बाजूने आलाय त्याच बाजूचा प्रकाश असलेला नवा फोटो निवडायचा, उलट नाही. खांद्याची उंची इतरांशी जुळवायची. नव्या कॅमेऱ्याचा फोटो फार कोरा असतो, त्यावर थोडा ग्रेन चढवायचा म्हणजे दोन्ही एका दिवसाचे वाटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली छोटी प्रत एआयने मोठी केली तर चेहरा नितळ होतो, पण तो बाबांचा राहत नाही. घरच्यांना ते पहिल्या नजरेत कळतं. सहा बाय चारला १,८०० बाय १,२०० पिक्सेल पुरतात. तेवढेही नसतील तर बाबा मागच्या रांगेत, लहान.

बाकीचा भाग बोलून ठरवायचा. विधीच्या फोटोत, म्हणजे कन्यादान, सप्तपदी यांत मी त्यांना बसवत नाही. एका मुलीने कन्यादानाचा फोटो तसा मागितला होता. आईला विचारलंत का, एवढंच मी म्हटलं. तिने नव्हतं विचारलं. दोन दिवसांनी दोघी खोलीवर आल्या, सोबत बाबांचा स्कूटरवर बसलेला एक जुना फोटो. आईचं म्हणणं, ते असे उभे राहायचेच नाहीत कधी, सारखे कुठेतरी निघालेले असायचे. शेवटी अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो लावला. फक्त धूळ आणि घडीची रेघ काढली. हेल्मेट हँडलला लटकत होतं, तेही राहू दिलं.